पुलावरची पायवाट

‘तीर्थ’ हा शब्द संस्कृतातील ‘तॄ’ म्हणजे तरून पलीकडे जाणे या धातूपासून झाला आहे. आज तीर्थ म्हटले की देऊळ, घाट आणि स्नान एवढेच आपल्या मनापुढे उभे राहते. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ नदीचा उतार, म्हणजे जेथून माणसास पायी पैलतीरी जाता येते अशी जागा, असा आहे. जेथे उतार सापडला तेथे वाटा मिळाल्या, वाटा मिळाल्या तेथे वस्ती झाली आणि वस्तीमागोमाग देवालय आले. ‘सेतु’ हा शब्द ‘सि’ म्हणजे बांधणे या धातूचा. दोन काठांस जो एकत्र बांधतो तो सेतू. उतार हा तर सर्वस्वी पायी चालणाऱ्याचाच होता. पुढे पूल झाला, पुलावर गाडी आली, गाडीचा वेग वाढला. आणि आता अशी स्थिती आहे की, ज्याच्या पावलांनी नदी ओलांडण्याची जागा प्रथम शोधून काढली, त्याच माणसास पुलावर पाऊल ठेवावयास जागा उरलेली नाही. या महिन्यात याच गोष्टीचा थोडा विचार वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

आमच्या सोलापूर शहरास मोठ्या नदीचा काठ लाभला नाही; परंतु जिल्ह्यात भीमा, नीरा, सीना, माण, भोगावती अशा नद्या आहेत आणि शहराबाहेर कोणत्याही दिशेने पडले तरी पूल लागतोच. पुण्याकडे निघावे तर लांबोटीस सीना, विजापूरकडे निघावे तर वडकबाळास पुन्हा सीना आणि पुढे टाकळीस भीमा. मोटारीत बसलेल्या माणसास पूल कधी आला नि कधी गेला हे कळतही नाही. तोच पूल खांद्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या शेतकऱ्यास, दुधाची किटली सायकलीस अडकवून निघालेल्या पोरास, किंवा दप्तर पाठीस लावलेल्या मुलीस मोठ्या कसोटीचा वाटतो. रस्त्यावर मागून मालमोटार आली तर हा माणूस बाजूच्या मुरमावर उतरतो, शेताच्या बांधावर चढतो, बाभळीखाली उभा राहतो. पुलावर तो उतरणार कोठे? एका बाजूस गाडी, दुसऱ्या बाजूस कठडा आणि कठड्याखाली नदी. रस्ता रुंद असतो, रस्त्याची साइडपट्टीही रुंद असते. परंतु कित्येक पुलांवर ती साइडपट्टी पूल सुरू होताच नाहीशी होते. म्हणजे जेथे आश्रयाची सर्वांत अधिक गरज, नेमका तेथेच आश्रय काढून घेतलेला असतो.

वाट कोणी कोणास द्यावी याचा विचार आपल्या स्मृतिकारांनी केलेला आहे. वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा व स्त्री यांस वाट द्यावी असे मनुस्मृती सांगते. गंमत अशी की, त्याच यादीत गाडीत बसलेल्याचाही समावेश आहे. कोणी म्हणेल, मग मास्तर, शास्त्र मोटारवाल्याच्याच बाजूचे झाले की! तसे नव्हे. मला या यादीचे मर्म असे दिसते की, ज्यास बाजूला होणे अवघड, त्यास वाट द्यावी. बैलगाडी चाकोरीतून सहज बाहेर काढता येत नाही, म्हणून मोकळ्या माणसाने बाजूला व्हावे. आणि म्हातारा, आजारी व भारवाही यांसही चटकन सरता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी इतरांनी व्हावे. हेच तत्त्व पुलास लावून पाहा. पुलावर बाजूला होणे कोणास अशक्य आहे? मोटार गती कमी करू शकते, थांबू शकते. पायी चालणाऱ्यास मात्र कठड्यापलीकडे सरता येत नाही. तेव्हा वाटेचा पहिला अधिकार तेथे त्याचा आहे, हे शास्त्रानेही सिद्ध होते आणि साध्या व्यवहारानेही.

कौटिल्य तर याहून पुढे गेला आहे. अर्थशास्त्रात राजमार्ग, रथमार्ग, पशुमार्ग यांच्या रुंदी सांगत असता त्याने लहान जनावरे व माणसे यांच्या पायवाटेचीही रुंदी सांगितली आहे: दोन अरत्नी, म्हणजे आजच्या मापाने सुमारे तीन फूट. एवढेच नव्हे, तर ही पायवाट अडविणाऱ्यास बारा पण दंडही सांगितला आहे. तीन फूट ही काही मोठी जागा नव्हे. परंतु ती माणसाची म्हणून वेगळी मोजली गेली आणि तिच्या रक्षणासाठी दंड ठरला, हे महत्त्वाचे. आपल्याकडील कित्येक पुलांवर हे तीन फूटदेखील सापडत नाहीत.

आता आजचे नियम पाहू. १९३४ साली स्थापन झालेली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था आपल्या देशातील रस्ते व पूल यांची मानके ठरविते. पुलावर पदपथ करावयाचा तर तो निदान दीड मीटर रुंद असावा, असे तिचे मानक आहे. त्याहून मनोरंजक गोष्ट पदपथावरील भाराविषयी आहे. पदपथ दर चौरस मीटरास ४०० किलोग्रॅम भार सहन करील असा असावा. परंतु पूल जर यात्रेच्या गावाजवळ किंवा मोठी जत्रा भरते अशा ठिकाणी असेल, तर तो ५०० किलोग्रॅमच्या हिशेबाने बांधावा, असे त्या मानकांत म्हटले आहे. म्हणजे पुलाचे गणित मांडणाऱ्या अभियंत्यांसही आषाढी-कार्तिकीची गर्दी ठाऊक आहे! न्यायालयानेही आपले काम केले आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, चालण्यायोग्य पदपथ मिळणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. जीविताचा हक्क हे शब्द येथे अलंकार म्हणून आलेले नाहीत. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. दर पाच मृतांमागे सुमारे एक. हा माणूस कोणास धडकावयास गेला नव्हता. तो केवळ चालत होता.

चालण्याचे माहात्म्य सोलापूर जिल्ह्यास शिकवावयास नको. आषाढात लाखो पावले याच जिल्ह्याकडे वळतात. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते व पुढे धर्मपुरीस आमच्या जिल्ह्यात प्रवेश करते. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी सराटीस नीरास्नान करून अकलूजला येते. वारीची वाट ही अशी नद्यांवरून गेलेली आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते या दोन्ही पालखीमार्गांच्या कामाची पायाभरणी झाली. दिवेघाट ते मोहोळ हा सुमारे २२१ किलोमीटरांचा आणि पाटस ते तोंडले-बोंडले हा सुमारे १३० किलोमीटरांचा, अशा दोन्ही मार्गांच्या दुतर्फा पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र वाट ठेवण्याची ही योजना आहे. राष्ट्रीय महामार्ग आखताना चालणाऱ्याची आठवण प्रथमपासून ठेवली जावी, ही गोष्ट खरोखर अभिनंदनीय होय. मात्र अशा वाटेची खरी परीक्षा मोकळ्या माळावर होत नसते; ती पुलावर होते. दहा कोस उत्तम पायवाट असली आणि मध्ये शंभर पावलांचा पूल तिच्यावाचून असला, तर त्या दहा कोसांचा उपयोग काय? साखळीची एक कडी तुटली की तिला कोणी साखळी म्हणत नाही.

खुद्द पंढरपुरात तर नदी ओलांडणे हा यात्रेचाच भाग आहे. ६५ एकर या नावाने ओळखला जाणारा वारकऱ्यांचा मोठा तळ चंद्रभागेच्या पैलतीरी आहे. तेथे उतरलेल्या माणसास वाळवंटात व देवळात यावयाचे तर नदी ओलांडणे प्राप्तच. जुना दगडी पूल ठेंगणा. उजनी व वीर या धरणांतून पाणी सुटले की तो पाण्याखाली जातो, आणि मग सारी गर्दी उंच पुलावर लोटते. अशा वेळी वाहने व माणसे यांची एकाच पट्टीवर सरमिसळ होणे किती धोक्याचे, हे सांगावयास नको. अलीकडे नाशिक-पुण्याकडून सायकलीने पंढरीस येणाऱ्यांचीही एक वारी सुरू झाली आहे. तेव्हा पायवाटेबरोबर सायकलीचाही विचार आता करावयास हवा.

सायकलीचा प्रश्न केवळ हौसेचा नाही. अध्यापन करीत असता एक गोष्ट मी वारंवार पाहिली. नदीपलीकडच्या गावची मुलगी सातवीपर्यंत गावात शिके. आठवीस अलीकडच्या शाळेत नाव घालण्याची वेळ आली म्हणजे घरी विचार सुरू होई. अंतर फार नसे, फीही नसे. अडचण असे ती पुलाची. “पोरीला त्या पुलावरून रोज कसे पाठवावे?” हा प्रश्न बापाने विचारला की मास्तरापाशी उत्तर नसे. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींस सरकार सायकली देते. योजना उत्तम आहे. परंतु सायकल दिली आणि सायकल चालवावयास पुलावर हात-दोन हात सुरक्षित जागा दिली नाही, तर दान पुरे झाले असे म्हणता येईल काय?

हे काही न जमणारे काम नव्हे. कलकत्त्याचा हावडा पूल १९४३ साली, ऐन महायुद्धाच्या काळात, रहदारीस खुला झाला. त्याच्या दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा फुटांचे पदपथ आहेत. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल १८८३ सालचा. त्याच्या मध्यभागी गाड्यांच्या रस्त्याहून उंच अशी चालणाऱ्यांची स्वतंत्र वाट प्रथमपासूनच आहे, आणि सायकलींची गर्दी वाढली तेव्हा २०२१ साली मोटारींची एक पट्टी काढून ती सायकलींस देण्यात आली. उलट आमच्या मुंबईत २०२४ साली खुल्या झालेल्या अटल सेतूवर पादचारी, सायकल व दुचाकी यांस प्रवेश नाही. समुद्रावरील एकवीस किलोमीटरांचा पूल पायी ओलांडणारा विरळाच. तेव्हा त्याविषयी माझे फारसे म्हणणे नाही. परंतु गाव आणि शाळा, शेत आणि बाजार यांच्या मधोमध असलेल्या नदीवरील पुलास तो न्याय लावता येणार नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, पुलावरून पायी जातोच कोण? परंतु पुलावर भीती वाटते म्हणून माणसे जात नाहीत, आणि माणसे जात नाहीत म्हणून वाट करावयाची नाही, हा तर्क म्हणजे विहिरीस पायऱ्या नाहीत म्हणून कोणी पाणी भरत नाही, आणि कोणी भरत नाही म्हणून पायऱ्या नकोत, असे म्हणण्यासारखा आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. पूल बांधतानाच पदपथ धरला तर एकंदर खर्चात तो सामावून जातो; पूल झाल्यावर तो जोडू म्हटले म्हणजे खांबांपासून विचार करावा लागतो. म्हणून मागणी करावयाची ती अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वीच.

काही ठिकाणी असा मार्ग सुचविला जातो की, मोटारींसाठी नवा पूल झाला म्हणजे जुना पूल चालणाऱ्यांस व सायकलींस द्यावा. ही सूचना चांगली आहे; मात्र तिला एक अट हवी. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला व चौघांचे प्राण गेले. तेव्हा जुना पूल चालणाऱ्यास द्यावयाचा तर तो तपासून, डागडुजी करून आणि त्यावर एका वेळी किती माणसे जातील याचा बंदोबस्त करून द्यावा. गाडीस निरुपयोगी झाले ते माणसास चालेल, ही वृत्ती त्यात नसावी. गाडीचे प्राण माणसाहून मोलाचे नाहीत.

आता घरातील मंडळींनी काय करावे? आपल्या वाटेवरचा पूल एकदा पायी ओलांडून पाहावा, म्हणजे पुढील गोष्टी आपोआप ध्यानात येतील. पदपथ दीड मीटर तरी आहे काय? पदपथ आणि रस्ता यांच्यामध्ये गाडीस अडवील असा भक्कम कठडा आहे, की नुसती पांढरी रेघ ओढली आहे? नदीकडचा कठडा सायकलीवरील माणसासही पुरेल इतका उंच आहे काय? पुलाच्या सांध्यांत व पाणी जाण्याच्या जाळ्यांत सायकलीचे चाक अडकते काय? रात्री दिवे लागतात काय? आणि पदपथ पुलाच्या टोकास खड्ड्यात संपतो, की पुढील वाटेस नीट मिळतो? ज्येष्ठांनी आपल्या सह्यांनिशी हे सारे लिहून ग्रामसभेत मांडावे, नगरपालिकेस अथवा सार्वजनिक बांधकाम विभागास पाठवावे. मुलांनी पूल मापून द्यावा. गणिताचा याहून चांगला धडा कोणत्या पुस्तकात आहे? घरातील सुनांनी व मुलींनी आपला अनुभव अवश्य लिहावा. कारण तान्हे मूल कडेवर घेऊन तो पूल ओलांडण्याचा प्रसंग बहुधा त्यांच्यावरच येतो. आणि ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांनी पुलावर माणूस दिसताच गती कमी करावी. याला कोणत्याही अंदाजपत्रकाची मंजुरी लागत नाही.

नवा पूल होतो तेव्हा नारळ फुटतो, फीत कापली जाते, मोटारींची रांग पलीकडे जाते. माझी सूचना एवढीच की, अशा समारंभी प्रथम गावातील एक वृद्ध, एक ओझेवाली आणि सायकलीवरची एक शाळकरी मुलगी यांस पुलावरून जाऊ द्यावे. ती तिघे निर्धास्तपणे पलीकडे पोहोचली, तर पूल पुरा झाला असे समजावे. नाही तर काम अद्याप बाकी आहे.