मिक्सरचं बटण कोण दाबणार?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवरून पाय घसरला आणि माझ्या पत्नीचा उजवा हात मनगटात मोडला. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. रिक्षातून घरी येताना तिनं विचारलं, ‘‘अहो, मिक्सर लावता येईल ना तुम्हाला?’’ ‘‘त्यात काय एवढं?’’ असं मी म्हणालो. सारा जन्म बँकेत गेलेला, मोठमोठ्या कर्जप्रकरणांवर सह्या केलेल्या. तीन भांड्यांच्या एका यंत्रापुढे मी कशाला बिचकू?

दुसऱ्या दिवशी टोमॅटोचं सार करायला घेतलं. उकडलेले टोमॅटो गरमागरमच भांड्यात लोटले, झाकण लावलं, बटण फिरवलं. पुढच्या क्षणी झाकण ओट्यावर, टोमॅटो भिंतीवर आणि मी दोन पावलं मागे! गरम पदार्थ बंद भांड्यात वेगानं फिरला की वाफ एकदम जोर करते आणि झाकण उडतं, हे मला ठाऊक नव्हतं. पत्नीला होतं. माझ्या आईलाही होतं. त्याच ओट्यापासून सहा हातांवर बसून मी इतकी वर्षं सार ओरपत आलो होतो, तरी मला ते कळलं नव्हतं.

आता एक कबुली देऊन टाकतो. मिक्सरवरच्या चटणीला पाट्यावरच्या चटणीची सर नाही, हे वाक्य मी आमच्या जेवणाच्या टेबलावर किती वेळा उच्चारलं असेल, त्याची मोजदाद नाही. एवढ्यावर भागलं नाही म्हणून ते कादंबरीतही घातलं. आजीचा पाटा-वरवंटा, ओल्या खोबऱ्याचा वास, माजघरातला कवडसा असं अडीच पानांचं वर्णन केलं होतं. परीक्षणांत त्या पानांचं कौतुक झालं. पत्नीनं ती पानं वाचली आणि एवढंच म्हणाली, ‘‘आजींच्या हातांबद्दल एक ओळ नाही यात.’’

खरंच नव्हती. वास्तविक इस्लामपूरच्या घरातले आजीचे हात मला लख्ख आठवतात. घट्टे पडलेले तळवे, मिरच्यांची आग शमावी म्हणून ओंजळीत घेतलेलं तेल, आणि पुरण वाटून झाल्यावर कंबरेला हात लावून उठणं. ‘पाट्याला टाकीऽऽ’ अशी आरोळी ठोकत गल्लीतून जाणाऱ्या बायकाही आठवतात. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर त्या छिन्नीनं टाके घालून देत. पाट्यावरच्या चवीचे गोडवे गाणाऱ्यांत पाटा ओढणारं माणूस मला आजवर एकही भेटलेलं नाही. गोडवे सगळे जेवणाऱ्यांचे.

चवीतला फरक खरा आहे, तो मी नाकारत नाही. पाट्यावर पदार्थ चेचला जातो, मिक्सरमध्ये तो पात्यांनी कापला जातो. शिवाय रिकामं पातं मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतं, त्यामुळे वाटण तापतं. पण तो फरक राखण्यासाठी कुणाचं मनगट खर्ची पडावं, हा प्रश्न चवीचा नव्हे.

हे यंत्र आपल्याकडे आलं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. परदेशी बनावटीची यंत्रं दूध, फळं घुसळायला ठीक. ओलं खोबरं, भिजलेली डाळ, हळकुंड यांपुढे त्यांची मोटर जळून जाई. १९६३ साली मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरनं भारतीय वाटणाला पुरी पडेल अशी मोटर बसवून ‘सुमीत’ मिक्सर आणला. वाटणं, दळणं, घुसळणं, ताक करणं, सारं एकाच मोटरवर, भांडं बदललं की झालं. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्यांच्या मापानं स्वयंपाक शिकवू लागलं. यंत्र होतं, मापं होती, छापील पुस्तक होतं. स्वयंपाक शिकायला पुरुषाला आणखी काय हवं होतं? तरी आम्ही शिकलो नाही. बदलीच्या गावी खानावळीचा डबा लावला आणि घरच्या जेवणाच्या आठवणी काढत बसलो.

त्या सहा आठवड्यांत मी जे शिकलो, ते अगदी साधं आहे. माझ्यासारख्या उशिरा जाग आलेल्यांसाठी ते इथं नोंदवतो.

पहिलं म्हणजे हिरव्या मुगाचं धिरडं. एक वाटी मूग रात्री भिजत घालावेत. सकाळी पाणी काढून टाकून दोन हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं, चमचाभर जिरं, मीठ आणि अर्धी वाटी पाणी घालून वाटावेत. भांडं दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. तापल्या तव्याला तेलाचा हात फिरवून पीठ पसरावं. कडा सुटू लागल्या की उलटावं. आंबवण्याची खटपट नाही, सोडा नाही, आणि दोघांची पोटभर न्याहारी.

दुसरी जवसाची चटणी. जवस अख्खा खाल्ला तर बराचसा न पचताच बाहेर पडतो. कुटला की त्यातली चांगली तेलं अंगी लागतात. वाटीभर जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावा, अर्धी वाटी तीळ वेगळे भाजावेत. दोन्ही पूर्ण गार करून सात-आठ सुक्या मिरच्या, थोडं जिरं आणि मीठ घालून छोट्या भांड्यात फिरवावं. इथं अधीरपणा नडतो. बटण सलग दाबून ठेवलं की तेल सुटून गोळा होतो. एक क्षण फिरवायचं, थांबायचं, चमच्यानं हलवायचं, पुन्हा फिरवायचं. शेंगदाण्याच्या कुटालाही हाच नियम. माझा पहिला कूट चक्क लाडू वळण्याजोगा झाला होता.

तिसरं ते सार. चार टोमॅटो उकडून पूर्ण गार करावेत, दोन चमचे ओल्या खोबऱ्यासह वाटावेत, गाळून घ्यावेत. पाणी, मीठ, गुळाचा खडा घालून उकळी आणावी आणि वरून तुपात जिऱ्याची फोडणी द्यावी. मूग, भात आणि हे सार एवढ्यावर म्हातारपणीचं पोट समाधानी राहतं, असा माझा अनुभव आहे.

आणि एक तांत्रिक सूचना. मिक्सर मध्येच बंद पडला तर घाबरून दुरुस्तीवाल्याकडे धावू नये. बहुतेक यंत्रांच्या तळाशी एक छोटं बटण असतं. भार जास्त झाला की ते सुटतं. यंत्र निवू द्यावं, भांड्यातला ऐवज कमी करावा आणि बटण आत दाबावं. मी दोन किलोमीटर चालत दुकानात गेलो, तेव्हा तिथल्या पोरानं एका बोटानं ते दाबून दाखवलं. पैसेही घेतले नाहीत.

बँकेच्या माणसाला आकड्यांशिवाय चैन पडत नाही. २०१९ साली केंद्र सरकारनं वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. तिच्यानुसार सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के रोज घरातली बिनमोल कामं करतात आणि त्यांना दिवसाला सरासरी २९९ मिनिटं लागतात. पुरुषांत ही कामं करणारे २६.१ टक्के, त्यांची मिनिटं ९७. म्हणजे चारांपैकी तीन पुरुष त्या दिवशी घरकामाकडे फिरकलेलेच नाहीत. हे आकडे वाचून मला आमचे कर्जाचे अर्ज आठवले. बाईंचा व्यवसाय ‘गृहिणी’, आणि उत्पन्नाच्या रकान्यात ‘निरंक’. असे कित्येक रकाने मी माझ्या हातानं भरले आहेत. दिवसाला पाच तासांचं काम, आणि ताळेबंदात शून्य!

यंत्रानं हे कष्ट कमी केले नाहीत का? केले. पण वाचलेला वेळ गेला कुठे, हे विचारावं लागतं. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात त्यांच्याकडच्या घरांचा असाच हिशेब मांडला. यंत्रांनी मुख्यतः पुरुषांची आणि मुलांची कामं उचलली, घरातल्या बाईकडून अपेक्षा मात्र वाढत गेल्या. आमच्याकडे वेगळं काय झालं? सणासुदीला होणारे पदार्थ मंगळवारी होऊ लागले. डोसा घरचा, मसाला घरचा, मुलांच्या डब्यात रोज नवं काही. ‘आता मिक्सर आहे ना!’ हे वाक्य आमच्या घरात मीच म्हणत असे.

आता बाजारात चिरणारी, मळणारी, शिजवणारी, पडद्यावर पाककृती दाखवणारी महागडी यंत्रं आली आहेत. मुलानं फोनवर विचारलं, ‘‘बाबा, आईला असं एक पाठवू का?’’ मी म्हटलं, ‘‘पाठवायचंच तर माझ्या नावानं पाठव.’’ तो हसला. मी विनोद केला नव्हता. आईला यंत्र भेट देणं म्हणजे पुष्कळदा तिचं काम तिच्याकडेच ठेवून त्याला नवीन वेष्टण घालणं असतं. रात्री मूग भिजत घालायची आठवण आजवर घरात एकाच माणसानं ठेवली आहे. पडदा लागलेल्या यंत्रालाही मूग कुणी तरी निवडून द्यावेच लागणार.

म्हणून माझ्या वयाच्या सद्गृहस्थांना सांगणं आहे. निवृत्तीनंतर आपण सकाळी फिरायला जातो, बाकावर बसून देशाचा कारभार सुधारतो आणि साडेआठला ‘नाश्त्याला काय?’ असं विचारत घरात शिरतो. त्याऐवजी आदल्या रात्री एक वाटी मूग भिजत घालून पाहावेत. यात उपकार नाही आणि कौतुकाचीही अपेक्षा करू नये. उद्या दोघांपैकी एकजणच मागे राहिलं, तर जेवणासाठी कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागू नये, एवढा स्वार्थ धरला तरी पुरे.

प्लास्टर निघालं त्या दिवशी पत्नी ओट्यापाशी आली. मी चटणी वाटत होतो. तिनं बोटावर घेऊन चाखली. ‘‘पाट्यावरची नाही लागत,’’ ती गंभीरपणे म्हणाली. मग मीठ थोडं कमी पडल्याचं सांगून टेबलावर जाऊन बसली. सकाळची न्याहारी तेव्हापासून माझ्याकडे आहे, आणि मीठ अजून कधी कधी कमी पडतं.