स्थानक नांदते ठेवायचे तर…

२०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारण्याचा संकल्प भारताने सोडला आहे. जानेवारी २०२५मध्ये ‘स्पेडेक्स’च्या दोन उपग्रहांची अंतराळात जोडणी करून ‘इस्रो’ने त्या वाटेवर दमदार पाऊलही टाकले. परंतु स्थानक उभारणे एक आणि ते नांदते ठेवणे दुसरे.

एप्रिल १९८४मध्ये राकेश शर्मा ज्या सोव्हिएत ‘साल्युत-७’वर राहून आले, ते स्थानक फेब्रुवारी १९८५मध्ये मुके झाले. एका सदोष संवेदकापायी बॅटऱ्या भारित होईनात. वीज गेली, आतले पाणी गोठले. जूनमध्ये व्लादिमीर जानिबेकोव्ह आणि व्हिक्टर साविनिख ‘सोयूझ टी-१३’मधून निघाले. स्थानकाकडून कसलाही संकेत येत नसताना ८ जूनला जानिबेकोव्ह यांनी स्वहस्ते यान चालवून ते त्या निर्जीव सांगाड्याला जोडले. मग कडाक्याच्या थंडीत, अंधारात, लोकरी टोप्या घालून दोघांनी बॅटऱ्या थेट सौरपंखांना जोडल्या आणि सोयूझच्या बळावर स्थानक सूर्याभिमुख केले. जूनअखेरीस ‘प्रोग्रेस-२४’ हे मालवाहू यान पाणी, इंधन घेऊन पोहोचले, तेव्हा ते उतरवून घ्यायला स्थानकात जाग होती!

या जोडीतील साविनिख हे अभियंते होते. ‘गगनयान’साठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत. पहिल्या उड्डाणांसाठी ते योग्यच. मात्र स्थानकावर जाणाऱ्या तुकडीत पाना-पक्कड चालवणारा अभियंता लागेल. त्याची निवड आणि प्रशिक्षण ‘इस्रो’ने आताच हाती घ्यावे.