गुरगुरणारा कुत्रा आणि वर्चस्वाचा भ्रम

पाळीव कुत्रा घरच्याच माणसांवर गुरगुरू लागला किंवा अंगावर येऊन तोंड टाकू लागला, की त्याला घरातली सत्ता बळकावायची आहे, तेव्हा मालक कोण हे त्याला एकदा दाखवून द्यावे, असा सल्ला हमखास दिला जातो. या मताचा पूर्वपक्ष असा : कुत्रा लांडग्याचा वंशज, लांडग्यांच्या कळपात ‘अल्फा’, म्हणजे लढून वरचढ ठरलेला म्होरक्या, इतरांना दबावात ठेवतो, म्हणून मालकाने म्होरक्या व्हावे, कुत्र्याच्या आधी जेवावे आणि तो गुरगुरलाच तर शरण येईपर्यंत त्याला उताणा दाबून धरावे.

या मताचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांत आहे. धर्मशाळेत कोंडलेल्या अनोळखी प्रवाशांच्या भांडणांवरून कुटुंबसंस्थेचा सिद्धांत मांडावा, तसाच हा प्रकार होता. डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना उचलून धरली. परंतु कॅनडातील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचे अनेक उन्हाळे निरीक्षण केल्यानंतर, रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असून त्यातले नेतृत्व लढाईने नव्हे तर पालकत्वाने येते, हे १९९९ मध्ये त्यांनीच मांडले आणि पुढे तो जुना ग्रंथ छापणे थांबवावे असा आग्रहही प्रकाशकाकडे धरला. प्रसारकाने मत सोडले, अनुयायांनी मात्र ते सोडलेले नाही.

यावर असे म्हटले जाईल की, सिद्धांत चुकला असेल, पण धाकाने गुण येतो. परंतु अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कुत्र्याला मारल्यावर किंवा लाथ घातल्यावर तो आक्रमक झाल्याचे तसे करणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांनी, तर उताणे पाडल्यावर तो आक्रमक झाल्याचे तो उपाय करणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांनी सांगितले. हे कुत्रे आधीच वर्तनाच्या तक्रारींसाठी आणलेले होते, हे खरे. परंतु धाकाचा उपाय सुचवला जातो तो नेमका अशाच कुत्र्यांसाठी. शिवाय जो ‘गुण’ दिसतो तो बहुतेकदा गुरगुरणे थांबण्यापुरताच असतो. गुरगुरणे ही चाव्याआधीची सूचना असते, आणि तिच्याही आधी अंग ताठ होणे, मान फिरवणे, ओठ चाटणे, डोळ्यांतला पांढरा भाग दिसणे अशा खुणा येऊन गेलेल्या असतात. शिक्षेमुळे सूचना बंद पडते, भीती जशीच्या तशी राहते. मग ‘काही न सांगता चावला’ अशी तक्रार होते, आणि ती करणाऱ्यानेच कुत्र्याला गप्प राहायला शिकवलेले असते.

मंडन करायचे ते भीती, वेदना आणि वस्तुरक्षण या कारणांचे. वस्तुरक्षण म्हणजे अन्न, हाड किंवा झोपण्याची जागा हिरावली जाईल या धास्तीने कुत्र्याने तिची राखण करणे. शांत कुत्रा अचानक चिडका झाला तर प्रथम पशुवैद्य गाठावा, कारण किडलेला दात, कानातला संसर्ग किंवा म्हातारपणाची सांधेदुखी हात लागताच त्याला गुरगुरायला लावते. दुखणे नसेल तर ‘प्रतिअभिसंधान’ करावे, म्हणजे ज्या गोष्टीची धास्ती वाटते तिची सांगड आवडत्या गोष्टीशी घालावी : तो जेवत असताना तो ताठरणार नाही इतक्या अंतरावरून त्याच्याकडे चिकनचा तुकडा टाकून निघून जावे आणि अंतर कित्येक दिवसांत हळूहळू कमी करावे. तोंडातली वस्तू ओढून न घेता तिच्या बदल्यात दुसरी द्यावी. सोफ्यावरून त्याला हाताने ढकलू नये, खाली उतरण्याचा शब्द शिकवून ठेवावा. यात लाड नाहीत. नियम हवेतच, आणि ‘प्रेमाने सगळे सुधारते’ म्हणणारा पक्षही या बाबतीत तितकाच चुकतो.

लहान मूल असलेल्या घरात मात्र हे सवडीने करण्याचे काम नव्हे. तेथे पहिल्या दिवसापासून कुत्र्याचे खाणे वेगळ्या खोलीत, दार लावून व्हावे, मूल आणि कुत्रा यांना एकत्र एकटे सोडू नये, कुत्र्याला तोंडाची जाळी घालण्याची सवय खाऊ देत लावावी आणि रक्त निघेल असा चावा घेतला असल्यास वर्तनाचे शिक्षण घेतलेल्या पशुवैद्याचीच मदत घ्यावी. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली, तरी चाव्याची जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.