स्लॅबमध्ये गुंतवलेले ऊन

साताऱ्याचा माणूस थंडीला भीत नाही आणि सांगलीचा माणूस उन्हाला भीत नाही, असे दोन्ही गावांत सांगतात. दुकानदार ते आदराने ऐकून घेतात आणि पहिल्याला गीझर, दुसऱ्याला एसी विकतात. माझा जन्म साताऱ्याचा आणि नोकरी सांगलीच्या शाखेत, त्यामुळे दोन्ही गिऱ्हाइके मी जवळून पाहिली आहेत. यंत्रांशी माझे भांडण नाही. घराने करायचे काम यंत्राच्या गळ्यात मारायचे आणि वर ‘घर सुधारले’ म्हणून पेढे वाटायचे, या रिवाजाशी आहे.

साताऱ्यात मंगळवार पेठेत आमचे जुने घर होते. दोन हात जाड मातीच्या भिंती, वर माळा, त्यावर कौले. चैत्रातले ऊन भिंतीतून आत यायला निघे आणि पोहोचेपर्यंत दिवेलागण होई. जानेवारीत परसात तांब्याचा बंब पेटे. मधल्या नळकांड्यात चार ढलप्या, भोवती पाणी. दुरुस्तीखाते म्हणजे घासायला चिंच. धुराने डोळ्यांतून पाणी येई आणि पावसाळ्यात कौले गळत, हेही नोंदवून ठेवतो. जुने तेवढे सोने म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. सोन्याचे कर्ज देताना ते घासून बघण्याची आम्हाला सवय असते.

मग सगळ्यांनी स्लॅब टाकले. गळती थांबली आणि तापणे सुरू झाले. स्लॅब हे उन्हाचे ठेवखाते आहे. दिवसभर भरणा चालू असतो. संध्याकाळी सहानंतर परतफेड सुरू होते आणि मध्यरात्रीपर्यंत संपत नाही. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा रात्री अकरा वाजता पंखा लावून पाहा. छताजवळची गरम हवा तो इमानाने तुमच्या तोंडावर आणून टाकतो. एवढी तत्पर सेवा आमच्या काउंटरवरसुद्धा मिळत नाही.

याच सांगलीजवळच्या हरिपुरात व्यापाऱ्यांनी हळद ठेवायला जमिनीत पेवे खणली होती. वर ऊन तापो नाहीतर वळीव कोसळो, आत हळद वर्षानुवर्षे सुखरूप. २००५ च्या महापुरात पेवांची वाट लागली ती लागलीच. पण बघा, मातीच्या आडोशाला काय ठेवल्यावर काय टिकते, हे आमच्या लोकांना ठाऊक होते. फक्त ते ज्ञान हळदीसाठी वापरले आणि माणसांना पाच इंच काँक्रीटखाली झोपवले. इंग्रजांचा उपाय तर आणखी निराळा. उन्हाळ्यात मुंबई सोसवेना म्हणून त्यांनी सबंध सरकारच उचलून महाबळेश्वरला नेले. आमच्या खात्यात नुसती बदली मागितली तरी तीन वर्षे लागतात.

आता एसी. तो थंडी तयार करतो ही समजूत प्रथम काढून टाका. मी बी.कॉम. आहे, मला विचारा. प्रत्येक नावेला जमा असतेच. आपल्या हॉलमधली उष्णता खर्ची पडते ती शेजाऱ्याच्या खिडकीखाली जमा होते, वर यंत्र चालल्याची उष्णता कमिशन म्हणून वेगळी. दीड टन, दोन टन म्हणतात ते यंत्राचे वजन नव्हे. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळवायला लागते तेवढी उष्णता बाहेर फेकण्याची ताकद म्हणजे एक टन. हा टनही अमेरिकन, ९०७ किलोंचा. तापलेल्या स्लॅबखाली माणूस एकाचे दीड टन, दीडाचे दोन टन करत जातो. छताला कोणी बोल लावत नाही.

दुरुस्तीची गंमत तर विचारूच नका. आमच्या शेजारच्या अण्णांकडे दरसाल मार्चमध्ये एक मेकॅनिक येतो.

“साहेब, गॅस संपलाय.”

“गेल्या वर्षी भरला होता की हो!”

“मग? सिलिंडर नाही का संपत?”

अण्णा पैसे देतात. स्वयंपाकाचा गॅस जळतो म्हणून संपतो. हा बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, आणि ती न बुजवता भरला तर तो खर्च नसून हप्ता आहे. शेवटचा हप्ता कधीचा, हे मात्र कोणत्याच पासबुकात नसते.

२०२० पासून नवे एसी मुळातच २४ अंशांवर लावून येतात. सरकारने एवढा शहाणपणा केला, तर आमची मंडळी घरी आणताच तो १६ वर नेतात. १६ वर खोली लवकर गार होते अशी श्रद्धा! होत नाही, नुसती जास्त वेळ यंत्र धापा टाकते. मग मे महिन्यात गोधडी घेऊन झोपतात.

साताऱ्याची तऱ्हा उलटी. वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचा फोटो पेपरात आला की हीटर निघतात. सरकत्या खिडकीच्या फटीतून अजिंक्यताऱ्यावरचा वारा आत आणि हीटरची ऊब बाहेर. फटीला रबराची पट्टी लावा म्हटले तर ते किरकोळ काम ठरते. बोअरच्या पाण्याचे क्षार गीझरच्या कॉइलवर साचतात, दरवर्षी कोणी खरवडत नाही, आणि बिल वाढले की वीज कंपनीला शिव्या.

माझे म्हणणे एवढेच, की हिशेब छतापासून सुरू करा. गच्चीला पांढरा चुना मारा, पश्चिमेच्या खिडकीबाहेर सावली करा, फटी बुजवा. मग उरल्या उकाड्यापुरता खुशाल एसी घ्या, लहानच पुरेल. पण एसीला दुकानात हप्ते मिळतात. चुन्यासाठी आजवर एकही अर्ज माझ्या टेबलावर आलेला नाही, कारण कर्ज काढण्याएवढी ती रक्कमच होत नाही. आणि ज्याला कर्ज लागत नाही ती आपल्याकडे सुधारणा नव्हे.

अण्णांना मी हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“चुना मारला तर गच्चीवर दिसायला कसं दिसेल?”

“अहो, गच्चीवर बघायला येतंय कोण?”

“तेच म्हणतोय मी,” अण्णा म्हणाले. “कुणाला दिसणारच नसेल तर मारून उपयोग काय?”