‘दोन दिवसांत निकाल’, पण कशाचा?



गर्भजलाच्या झटपट चाचणीचा निकाल दोन दिवसांत मिळतो, मग पूर्ण तपासणीसाठी दोन आठवडे जीव टांगणीला का लावायचा, असा सवाल गेल्या अंकातील पत्रात होता. घाई समजू शकते, पण पत्रात अर्धीच बाजू आली.

‘फिश’ या झटपट चाचणीत पेशी वाढवत बसत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली २१ व्या गुणसूत्राचे चमकते ठिपके मोजतात. पेशीमागून पेशीत दोनाऐवजी तीन दिसले की डाऊन सिंड्रोम. मात्र ती पाहते साधारणपणे १३, १८, २१ आणि एक्स-वाय एवढेच. बाकी गुणसूत्रांतली मोडतोड तिला दिसत नाही. तेव्हा ‘नॉर्मल’ म्हणजे एवढ्यापुरतेच नॉर्मल, हे घरच्यांनी पेढे आणायच्या आत सांगायला हवे. भिलाईतून नमुना बाहेरगावी धाडायचा तर कुरियरचा वेळ वेगळाच.

‘सरसकट सर्वांची चाचणी करा’ ही त्या पत्रातली सूचना तर मुळीच पटत नाही. गर्भजल तपासणी सत्तरच्या दशकात आपल्याकडे गुणसूत्रांतल्या अशाच दोषांसाठी आली आणि मुली पाडायला वापरली गेली. म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. पस्तिशीपुढचे वय, वारंवार गर्भपात, घराण्यातला आनुवंशिक दोष या त्यातल्या अटी कटकटीच्या वाटोत, राहू द्याव्यात.

राहिला वेळेचा प्रश्न. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांपुढेही वैद्यकीय मंडळ गर्भपाताला परवानगी देऊ शकते. पूर्ण अहवालासाठी थांबणे बहुतेकींना परवडेल.

— एक वाचक, भिलाई