विक्रेत्याचे मौन

जुनी मोटार विकत घेणे हा दिसायला साधा व्यवहार असला, तरी त्याच्या पोटात एक मोठी विषमता दडलेली असते. विकणारा त्या गाडीच्या सहवासात काही वर्षे राहिलेला असतो. घेणारा तिला जेमतेम अर्धा तास पाहतो. गाडी किती तेल पिते, चढावर कोठे कुरकुरते, कोणत्या मिस्त्रीने इंजिनाचे काम काढावे लागेल असे सांगितले, हे सारे एकाला ठाऊक असते आणि दुसऱ्याला नसते. गाडी ‘स्पोर्ट्स कार’ असली की ही दरी अधिकच रुंदावते. असल्या गाडीचे इंजिन मुळातच शक्तीच्या कमाल मर्यादेजवळ चालण्यासाठी घडवलेले असते; पहिल्या मालकाने ते जपून चालवले असेलच अशी खात्री नसते; आणि घेणारा बहुधा तिच्या रूपावर आधीच भाळलेला असतो. भाळलेल्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत आणि विकणाऱ्याला उत्तरे द्यावी लागत नाहीत. या मौनाची किंमत कोणी मोजावी, हा प्रश्न केवळ हौशी मोटारप्रेमींचा नाही. तो बाजारातील नीतीचा आणि कायद्याचा प्रश्न आहे.

माझदा या जपानी कंपनीच्या ‘आरएक्स-८’ या गाडीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. २००३ ते २०१२ या काळात तयार झालेली ही देखणी गाडी ब्रिटन-अमेरिकेच्या जुन्या बाजारात अशा भावाला मिळत आली आहे, की तिच्या इंजिनाची संपूर्ण दुरुस्ती निघाल्यास तो खर्च अनेकदा गाडीच्या किमतीच्या पुढे जातो. या इंजिनात नेहमीसारखे वरखाली होणारे पिस्टन नाहीत. प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटरच्या दोन कप्प्यांत दोन त्रिकोणी रोटर फिरतात आणि त्यांच्या टोकांवरील बारीक पट्ट्या, म्हणजे सील, आतील वायूचा दाब कोंडून धरतात. त्या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून इंजिन थोडे तेल मुद्दाम जाळते. मालकाने तेलाची पातळी पाहण्यात हयगय केली, किंवा वर्षांमागून वर्षे गेली, की पट्ट्या आणि त्या ज्यावर घासतात तो पृष्ठभाग झिजतो. दाब गळतो आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

हा दोष काही आज उमगलेला नाही. फेलिक्स वँकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेवर आधारलेले हे इंजिन एनएसयू या कंपनीने १९६७ साली ‘आरओ ८०’ या मोटारीत बसवले. त्या गाड्यांचे सील अकाली झिजू लागले, हमीपोटी इंजिनामागून इंजिने बदलून द्यावी लागली आणि १९६९ साली ती कंपनी फोक्सवॅगनच्या पोटात गेली. माझदाने मात्र चिकाटी सोडली नाही. १९९१ साली ले माँची चोवीस तासांची शर्यत तिने याच जातीच्या इंजिनावर जिंकली. तेव्हा या यंत्रात काही गुणच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु अमेरिकेत २००४ ते २००८ या मॉडेलांच्या इंजिनाच्या गाभ्याची हमी कंपनीला आठ वर्षे किंवा एक लाख मैल इतकी वाढवावी लागली, ही गोष्टही तितकीच अर्थपूर्ण आहे. ती मुदत आता केव्हाच सरली. निर्मात्याने पत्करलेली जोखीम आज सर्वस्वी नव्या खरेदीदाराच्या खांद्यावर आली आहे.

हा दोष ओळखण्याचे उपाय आहेत, ते माहीत असले तर. झिजलेले इंजिन थंड असताना निमूटपणे सुरू होते; तापवून बंद केले आणि लगेच पुन्हा सुरू करू गेले की हटून बसते. नेहमीच्या गॅरेजातील दाबमापक येथे पुरेसा ठरत नाही, कारण एका रोटरचे तीन कप्पे असतात आणि तो मापक त्यांतील फक्त सर्वांत चांगला आकडा दाखवतो. सहाही कप्प्यांचे आकडे स्वतंत्रपणे देणारे वेगळे उपकरण लागते. शिवाय अधिक ताकदीचा स्टार्टर बसवला, तर इंजिन जोराने फिरून गळणारा दाब काही काळ झाकलाही जातो. म्हणजे एखादा नवा सुटा भाग हा मालकाच्या काळजीचा पुरावा असू शकतो, तसाच तो दोष झाकण्याचा पडदाही असू शकतो. या दोहोंपैकी काय खरे, हे फक्त विकणाराच जाणतो.

या अज्ञानाचे अर्थशास्त्र जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली मांडले. आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवण्याची चाल आहे. अमेरिकेत मात्र सदोष गाडीलाच ‘लिंबू’ म्हणतात. त्या लिंबांच्या बाजाराविषयीचा हा निबंध तीन नियतकालिकांनी नाकारला होता. पुढे २००१ साली त्याच्या कर्त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे सूत्र असे, की चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती हे ग्राहकाला कळत नसेल, तर तो सर्वच गाड्यांना मध्यम भाव देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगले विक्रेते बाजारातून उठून जातात. मागे वाईट माल उरतो आणि भाव आणखी घसरतो. अप्रामाणिक माणूस केवळ ग्राहकाला फसवत नाही. तो प्रामाणिक विक्रेत्यालाही बाजाराबाहेर घालवतो. अ‍ॅकरलॉफ यांनी १९६७-६८ हे वर्ष दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काढले होते. बाजारातील तांदळात मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगाचे आणि आकाराचे खडे निवडत बसणाऱ्या भारतीय गृहिणीचा दाखला त्यांनी या निबंधात दिला आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. फरक एवढाच, की तांदूळ सुपात पसरता येतो. इंजिन पसरता येत नाही.

अमेरिकेत या प्रश्नावर कायद्याने काय केले, याची कथा उद्बोधक आहे. तेथील व्यापार आयोगाने १९८१ साली असा नियम केला, की जुन्या गाडीतील जे दोष विक्रेत्याला ठाऊक आहेत ते त्याने लेखी सांगितलेच पाहिजेत. विक्रेत्यांच्या संघटनांनी या नियमाविरुद्ध जोर लावला आणि १९८२ साली काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी तो फेटाळला. असा नकाराधिकार घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली दिला. तरीही १९८४ साली आयोगाने नियम पुन्हा जाहीर केला, तेव्हा ज्ञात दोष सांगण्याची अट त्यातून गळालेली होती. १९८५ पासून तेथील व्यापाऱ्याला गाडीच्या काचेवर एक पत्रक लावावे लागते. हमी आहे की गाडी ‘जशी आहे तशी’ विकली जात आहे, हे त्यावर लिहिलेले असते. पत्रक उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण नियमाचा आत्माच निघून गेला होता. ब्रिटनने याबाबतीत पुढचे पाऊल टाकले. तेथील २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार व्यापाऱ्याने विकलेली जुनी वस्तूही तिचे वय आणि किंमत पाहता समाधानकारक असावी लागते. ती तशी नसेल, तर ग्राहकाला तीस दिवसांत परत करता येते; आणि सहा महिन्यांच्या आत दोष दिसला, तर तो विक्रीच्या वेळी नव्हता हे सिद्ध करण्याचा भार सामान्यतः व्यापाऱ्यावर असतो. खासगी मालकाकडून घेतलेल्या गाडीला मात्र हे संरक्षण नाही.

आपल्याकडे काय आहे? आरएक्स-८ आपल्या बाजारात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. परंतु हमीची मुदत संपलेल्या परदेशी बनावटीच्या वेगवान गाड्या मुंबई-पुण्यात हातोहात फिरतात आणि त्यांच्या जोडीला साध्या कुटुंबांच्या लक्षावधी जुन्या गाड्या. देशात आज नव्या मोटारींपेक्षा जुन्या मोटारींची विक्री अधिक होते. या उलाढालीवर ज्या कायद्यांची छाया आहे, त्यांतील सर्वांत जुना म्हणजे १८७२ चा करार कायदा. त्याच्या सतराव्या कलमाखाली एक घोड्याचे उदाहरण आहे. घोडा सदोष आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे. लिलावात तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही लबाडी नव्हे. मात्र घेणाऱ्याने जर स्पष्ट सांगितले, की ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’, आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. तथापि एकोणिसाव्या कलमाने आणखी एक मेख मारून ठेवली आहे: साधारण दक्षता घेऊन सत्य कळण्याजोगे असेल, तर अशा मौनाच्या आधारावर करार रद्द करता येत नाही.

घोड्यांचा तो जमाना गेला, अश्वशक्तीचा आला. घोड्याचे दात तपासणे आणि पाय चालवून पाहणे ही गोष्ट त्या काळी गावातील जाणत्या माणसाच्या आवाक्यातील होती. सहा कप्प्यांचा दाब स्वतंत्रपणे मोजणे, किंवा एखाद्या जर्मन इंजिनाचे बेअरिंग किती झिजले हे ओळखणे, ही ‘साधारण दक्षता’ म्हणता येईल काय? १९३० च्या वस्तुविक्री कायद्यातही ग्राहकाने स्वतः पारखून घ्यावे हेच मूळ तत्त्व आहे. त्याला काही अपवाद आहेत, इतकेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापाऱ्याविरुद्ध दाद मागण्याची सोय केली; पण दाद मागणाऱ्याला दोष विक्रीच्या वेळी होता हे दाखवावे लागते आणि त्याच्या हाती लेखी असे बहुधा काहीच नसते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना परिवहन अधिकाऱ्यांकडून अधिकृतपणाचे प्रमाणपत्र घेणे आणि ताब्यात आलेल्या वाहनाची नोंद ठेवणे आवश्यक झाले. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. चोरीची गाडी आणि बेवारस दंड यांना त्यामुळे आळा बसेल. परंतु तिने मालकी कोणाची याची नोंद झाली. इंजिनाच्या प्रकृतीची नोंद अजून कोठेच होत नाही. शेकडो मुद्द्यांच्या तपासणीच्या जाहिराती झळकतात खऱ्या. पण त्यांत इंजिन खोलून पाहिलेले नसते आणि तपासणीचा तपशील विक्रीच्या करारात क्वचितच येतो.

यावर उपाय अवघड नाही. अमेरिकेने १९८१ साली लिहून पुढे खोडला, तोच नियम आपण लिहून कायम करावा. अधिकृत विक्रेत्याने प्रत्येक जुन्या गाडीबरोबर एक सही केलेले निवेदन द्यावे: गाडी आपल्याकडे कोणाकडून आली, दुरुस्तीच्या कोणत्या नोंदी मिळाल्या, इंजिनाची कोणती चाचणी केली, आकडे काय आले, आणि कोणते दोष आपल्याला ठाऊक आहेत. चाचणी केली नसेल तर तसे लिहावे. व्यापाऱ्याने जुन्या इंजिनाची हमी द्यावी, अशी ही मागणी नाही. पंधरा वर्षे चाललेल्या यंत्राची हमी कोण देणार? मागणी एवढीच, की जे ठाऊक आहे ते लपवू नये.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. स्वस्त गाडी घेणाऱ्याला धोका माहीत असतोच आणि किंमत त्याच हिशेबाने ठरलेली असते, हा पहिला. तो वरवर पटण्याजोगा आहे. परंतु किमतीत धोका धरायचा, तर तो दोघांनाही माहीत असावा लागतो. एकालाच माहीत असलेला धोका भावात उतरत नाही, तो दुसऱ्याच्या खिशातून वसूल होतो. दुसरा आक्षेप असा, की विक्रेते ‘आम्हाला काहीच माहीत नाही’ असे लिहून मोकळे होतील. काही जण तसे करतीलही. पण तेच विधान सहीनिशी असेल आणि उद्या गॅरेजची जुनी पावती वेगळे सांगू लागली, तर ग्राहकाच्या हाती आज नाही ते शस्त्र येईल. शिवाय ज्या विक्रेत्याचे निवेदन कोरे आहे, त्याच्याकडे ग्राहक दोनदा विचार करूनच जाईल. प्रामाणिक विक्रेत्याला आपले वेगळेपण दाखवण्याची संधी मिळते, हा या उपायाचा सर्वांत मोठा लाभ आहे.

कायदा होईपर्यंत ग्राहकाने स्वस्थ बसावे असे नाही. १८७२ च्या कायद्याने दिलेला प्रश्न विचारण्याचा हक्क आजही जिवंत आहे. तो लेखी बजवावा. गाडी थंड असताना पाहावी आणि तापल्यावर पुन्हा सुरू करून पाहावी. आपला मिस्त्री आपण न्यावा. विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्या विशिष्ट इंजिनाची जी चाचणी असेल ती पैसे खर्चून करून घ्यावी आणि विकणारा तिला नकार देत असेल, तर तो नकार हेच उत्तर समजून परत फिरावे. ज्याला इंजिनाच्या संपूर्ण दुरुस्तीचा खर्च वेगळा काढून ठेवता येत नाही, त्याने कर्ज काढून अशी गाडी घेऊ नये, हे सांगणे अरसिकपणाचे वाटेल; पण पहिल्या नोकरीच्या पगारावर हप्ते बांधून घेणाऱ्या तरुणाला ती गाडी दारात उभी राहिल्यावरही हप्ते भरावेच लागतात. वेगवान गाडीची हौस ही निंदेची गोष्ट नव्हे. चांगल्या यंत्राविषयी प्रेम असणे हे समाजाच्या सुसंस्कृतपणाचेच लक्षण आहे. त्या प्रेमाचा गैरफायदा घेणाऱ्या मौनाला कायद्याने आजवर दिलेले अभय मात्र काढून घेण्याची वेळ आली आहे. घोड्याच्या बाजारासाठी आखलेली सूट दीडशे वर्षांनंतरही मोटारीच्या बाजारात चालू ठेवण्याचे काही कारण दिसत नाही.