स्पॅनिशचा द्राविडी प्राणायाम

मराठी विद्यार्थी स्पॅनिशची नित्याची वाक्ये बहुधा इंग्रजी पुस्तिकांवरून घोकतो. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे ‘मला कॉफी आवडते’. आंबे आले की ‘गुस्ता’चे ‘गुस्तान’ होते, जसे ‘आवडते’चे ‘आवडतात’. इंग्रजीतून जाणारा मात्र येथे हटकून अडखळतो. परक्याला वा वडीलधाऱ्याला ‘उस्तेद’ आणि मित्राला ‘तू’ (होय, तोच आपला ‘तू’!) हा विवेकही इंग्रजीच्या एकुलत्या ‘यू’मध्ये बुडतो. ‘ताको’तील दंत्य ‘त’ तर मराठी जिभेवर आयताच आहे. शब्दसंग्रहाला इंग्रजीचे साहाय्य होते, हे नाकारण्याचे कारण नाही. ‘सेर’ व ‘एस्तार’ ही ‘असणे’ची दोन क्रियापदे मराठीनेही सहज उलगडत नाहीत. तरीही आरंभीच्या धड्यांत तरी अध्यापकांनी फळ्यावर स्पॅनिशशेजारी मराठीच लिहावी.